म्हातारा उठलाच नाही

खोटं वाटत असेल तर वाचू नका. पण त्या दिवशी निम्मं गाव तिथे होतं, आणि मी तर रंगमंचावरच होतो.

भुताला रात्र लागते म्हणतात. आमच्याकडे लख्ख ऊन होतं.

मी सेयफी. आमचं गाव तुर्कस्तानात, अंताल्याच्या वरच्या डोंगरात. गावाच्या डोक्यावर रोमनांचं दगडी नाट्यगृह आहे. अर्धगोल पायऱ्या, समोर दुमजली भिंत. खाली कुजबुजलं तरी शेवटच्या पायरीवर ऐकू जातं. आमचे आजोबा-पणजोबा तिथे बकऱ्या कोंडायचे. नाटक मात्र चौकातच करायचे.

दर वसंतात तेच नाटक. दरोडेखोर म्हाताऱ्याला मारतो, बायको रडते, त्याच्या तोंडात मनुका घालते आणि म्हातारा उठून नाचतो. तो उठला की वर्ष चांगलं जातं.

चार वर्षांपूर्वी नाट्यगृहाची डागडुजी संपली, आणि कुणाच्या तरी डोक्यातून निघालं, यंदा नाटक वर करू.

म्हातारा झाला दुर्सुनकाका, पाठीवर पेंढ्याचं कुबड बांधून. दरोडेखोर माझा थोरला भाऊ नाझमी. घरची कोंबडीसुद्धा शेजाऱ्याकडून कापून घेणारा माणूस! डोक्याला रुमाल बांधून बायको मी.

"रोमन लोक नाटकात मरायला खराखुरा कैदी आणायचे म्हणे," काका म्हणाला. "मेला की मेला. मनुका कुठली त्याला!"

"काका, तुला मारायला मी आहे की," नाझमी हसला.

वरच्या पायऱ्या पडक्या, म्हणून दोर लावून बंद केलेल्या. सगळे खालीच बसले.

पहिला फटका कुबडावर बसला. पेंढा उडाला. लोक हसले.

आणि वरून टाळ्या आल्या...

"मेलो गं बाई, मेलो!" करत काका पडला. इथे नाझमीने थांबायचं असतं.

टाळ्या वाढल्या...

नाझमीने लागू नये म्हणून काठीला गुंडाळलेल्या चिंध्या सोडल्या. अगदी सावकाश.

पुढचा फटका डोक्यावर बसला.

"अरे, खरंच लागतंय रे!" काका ओरडला. लोक आणखीच हसले.

मी नाझमीच्या हाताला लोंबकळलो. "दादा, सोड! मरेल तो!"

त्याने मला भिरकावून दिलं. तो माझ्याकडे बघतच नव्हता. वर बघत होता आणि मारत होता. काकाचं रक्त माझ्या तोंडावर उडालं. मग कवटी फुटली.

लोकांचं हसू थांबलं.

टाळ्या थांबल्या नाहीत...

मी काकाच्या रक्ताने भरलेल्या तोंडात मनुका घातली. दुसरं काही सुचलंच नाही. "ऊठ ना काका. आता उठायचं असतं."

काका उठला नाही.

नाझमी तुरुंगात आहे. भेटायला गेलो की एकच सांगतो, "मी थांबत होतो रे सेयफी. ते थांबू देत नव्हते."

कोणीतरी मोबाइलवर सगळं टिपलं होतं. कोर्टात दाखवलं. टाळ्या स्पष्ट ऐकू येतात. वरच्या पायऱ्या रिकाम्या आहेत. आवाज घुमला असेल, असं वकील म्हणाले. पण खाली तर एकही हात वाजत नव्हता...

त्या चित्रणाच्या शेवटच्या तुकड्याबद्दल गावात कोणी माझ्याशी बोलत नाही.

त्यात मी काकाजवळून उठतो. डोक्यावरचा रुमाल सारखा करतो. रिकाम्या पायऱ्यांकडे वळतो, छातीवर हात ठेवतो आणि वाकून नमस्कार करतो.

मला यातलं काहीही आठवत नाही.

आणि त्या चित्रणात मी हसतोय...