दोन सीट मागे

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी धाकटी एकटीच बसमध्ये चढली. थांब्यावर दोघं उरले: तिचा थोरला भाऊ आणि तिची शिक्षिका.

धाकटी एकोणीस वर्षांची, स्वमग्न. शाळा संपली, आजपासून रुग्णालयाच्या लॉन्ड्रीत चादरींच्या घड्या घालायची नोकरी. तिला तिथवर न्यायचं आणि हळूहळू स्वतः दिसेनासं व्हायचं, हे शिक्षिकेचं काम. सरावाचा पहिला आठवडा शेजारच्या सीटवर. दुसरा दोन सीट मागे. तिसरा मागच्या बसने. आज नुसतं थांब्यावर. धाकटी पोचली, की उद्यापासून शिक्षिकेला दुसरं घर, दुसरा थांबा.

भावाने हळूच मोटरसायकलची किल्ली काढली.

“ठेवा ती खिशात,” शिक्षिका म्हणाली. “परवा बसच्या मागे मागे गेला होतात ना?”

“कोण म्हणतं?”

“तीच. ‘मॅडम, दादाला सांगा, पिवळं हेल्मेट घालून लपता येत नाही.’”

त्याचे कान लाल झाले. तिने हसू दाबलं – फारसं दाबलं गेलं नाही.

“तुम्हाला भीती नाही वाटत?”

“वाटते की! पण ती तिच्या डोक्यावर कशाला लादायची?”

आठ चाळीसला धाकटीचा मेसेज यायचा होता. आला नाही. पंचेचाळीस... पन्नास... तो उठला. तिने त्याची बाही धरली.

“अजून पाच मिनिटं.” तिचीही नजर फोनवरून हलत नव्हती.

आठ त्रेपन्नला शिक्षिकेचा फोन वाजला. बाही सुटली.

‘पोचले. रस्ता बंद होता. बस वळली. कंडक्टरकाकांना विचारलं. एक थांबा चालत आले. दादाने फोन करू नये.’

रस्ता बंद असला तर काय करायचं, हे धाकटीला कुणीच शिकवलं नव्हतं. शिक्षिकेने मेसेज तीनदा वाचला.

“पोरीने माझ्याही पुढे मजल मारली हो!” तिने डोळे पुसले.

“म्हणजे तुमचं इथलं काम संपलं,” तो म्हणाला.

“संपलं.”

“आणि... काम नसताना उद्या आलात तर?”

“कशाला?”

“लांब कसं राहायचं, ते तुम्ही तीन आठवडे शिकवलंत. धाकटीसाठी शिकेन मी. तुमच्यापासून – नाही जमायचं.”

ती जागची हलली नाही. नऊची तिची बस आली, गेली. सव्वानऊचीही गेली.

नऊ वीसपर्यंत तिने हो म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं.