गिधाडाच्या पंखातली चौकट

कोडं असं होतं: आरशाची चौकट पोळपाटापेक्षा हलकी हवी, आणि तरीही रॉकेटच्या थरथराटात आतला आरसा फुटता कामा नये. सांगा, कशी करायची?

माझ्या रेवाआत्याचं लग्न ठरलं होतं आणि लग्नानंतर ती चंद्रावरच्या वस्तीत राहायला जाणार होती. तिथल्या घरात आरसा नव्हता. मी लगेच जाहीर करून टाकलं, "रुखवतात माझ्याकडून भिंतीवरचा आरसा!" आता आमच्याकडे रुखवत म्हणजे बघणाऱ्याचे डोळे दिपलेच पाहिजेत. मी जाड लाकडी चौकट घेतली आणि तिच्यावर शंख, शिंपले, मणी, जे सापडेल ते चिकटवलं. इतकी भरगच्च झाली की उचलताना मलाच धाप लागली!

"सुरेख झालीय गं, जुई," आत्या म्हणाली. मग हळूच, "पण यानात नाही घेणार. सामानाला मर्यादा असते. राहू दे, मी आरशाशिवाय राहीन."

राहू दे? छे! मी सगळे शिंपले उपटले, लाकूड तासून तासून पापडासारखं पातळ केलं आणि आरसा बसवून चौकट ठोकळ्याच्या हातात दिली. माझे आजोबा, म्हणजे नाना, म्हसळ्याच्या गिधाड केंद्रात शास्त्रज्ञ आहेत आणि ठोकळ्या हा त्यांचा यंत्रमानव. तो हुबेहूब रॉकेटसारखा थरथरू शकतो. घूंऽऽ... आणि तड! चौकट पिळवटली, आरसा दुभंगला.

"अभिनंदन," ठोकळ्या म्हणाला. "आता दोन आरसे झाले."

"गप रे डबड्या!" मला रडूच येत होतं. तसा आरसा आता घरात एकच उरला होता. "नाना, जड केली तर नेता येत नाही, हलकी केली तर मोडते. करू तरी काय?"

नाना मिशीत हसले. "हलकं आणि मजबूत, दोन्ही असलेलं काहीतरी रोज आपल्या डोक्यावरून उडतं. ठोकळ्या, केंद्रात मेलेल्या त्या म्हाताऱ्या गिधाडाचं पंखाचं हाड दाखव बघू."

ठोकळ्यानं हाडाचं क्ष-किरण चित्र (न कापता आतलं दाखवणारं चित्र) काढलं आणि प्रकाशानं खोलीभर मोठं करून उभं केलं. मी हाडाच्या आत उभी होते! बोटाएवढं हाड, पण आत केवढा बोगदा! आणि त्या पोकळीत तिरक्या काड्या, एक अशी झुकलेली, पुढची तशी, पार टोकापर्यंत. जुन्या रेल्वेपुलाच्या लोखंडी कैच्या असतात ना, अगदी तशा! माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

"हे... हे कुणी बांधलं?"

"कुणीच नाही," नाना म्हणाले. "ज्या पाखरांची हाडं जड, ती मागे पडली. ज्यांची ठिसूळ, तीही गेली. लाखो वर्षं अशी निवड होत होत हे उरलं."

मग त्यांनी बांबूच्या चार कामट्या (पातळ पट्ट्या) दोऱ्यानं बांधून चौकोन केला. "ढकल."

मी बोट लावलं, चौकोन लगेच कलंडला.

"आता तीन घे."

मी त्रिकोण बांधला. ढकलला. दाबला. दोन्ही हातांनी पिळला. ढिम्म!

"का नाही हलला?" नानांनी विचारलं.

मी कामट्यांकडे बघत राहिले. चौकोन कलंडला तेव्हा एकही कामटी लांब झाली नव्हती, नुसते कोपरे फिरले होते. पण त्रिकोण बदलायचा तर... "एखादी कामटी ताणून लांब करावी लागेल! नाहीतर दाबून आखूड!"

"आणि कामटी वाकवणं सोपं, ताणून लांब करणं महाकठीण. त्रिकोण सगळं ओझं ताण (ओढ) आणि दाब यांतच वाटून देतो. मग मधली जागा रिकामी ठेवली तरी चालते."

म्हणजे ताकद मालात नव्हती, मांडणीत होती!

मी कामट्यांच्या दोन चौकटी केल्या, एक मोठी आणि एक छोटी. मधे तिरक्या कामट्यांची त्रिकोणांची माळ. तशीच आणखी एक जोडी पाठीमागे लावली, दोघींना तिरक्या काड्यांनी सांधलं आणि त्रिकोणांवर रंगीत पतंगाचा कागद ताणला. वेगळी नक्षी करावीच लागली नाही. शेवटी तो एकुलता आरसा बसवून ठोकळ्याला दिला आणि डोळे गच्च मिटले.

घूंऽऽऽऽ... शांतता.

"तक्रार करायला जागा नाही," ठोकळ्या म्हणाला. "वाईट वाटतंय."

डोळे उघडले, तर आरशात माझ्या मागे उभ्या असलेल्या आत्याचा चेहरा होता. अख्खा, हसरा, नाकावर घाम.

रुखवताच्या दिवशी नवरदेवाच्या मावशींनी नाक मुरडलं. "हे काय बाई, कागदाचं? मुलीकडच्यांनी हात आखडताच घेतला!" तरी आत आरसा म्हणजे जड असणारच, म्हणून त्यांनी पदर खोचून, दात आवळून चौकट उचलली, आणि ती थेट डोक्यावरच गेली! "अगोबाई!" त्या ओरडल्या आणि मग स्वतःच इतक्या हसल्या की अंबाड्यातली वेणी सुटली.

काल चंद्रावरून आत्याचा फोन आला. तिथले लोक आता अशाच तिरक्या दांड्यांचा उंच मनोरा बांधायचं म्हणतायत. "तू ये गं लवकर शिकून," ती म्हणाली, आणि तिनं कॅमेरा भिंतीकडे वळवला. आरसा तिनं खिडकीसमोर टांगला होता. त्यात काळंभोर आकाश आणि त्याच्या मधोमध निळी पृथ्वी. समुद्र, ढग, म्हसळा, नाना, ठोकळ्या, मी, सगळे त्या गोळ्यात! आणि भोवती बांबूच्या तिरक्या कामट्या, सगळ्यांना अलगद तोलून धरणाऱ्या.