लेबलावरचे ठिपके

ही बटणांची डबी तुम्ही मघापासून बघताय, म्हणून सांगते. एरवी मी ती कुणापुढे उघडत नाही. दिवा जरा इकडे सरकवा, माझी नजर आता पूर्वीसारखी राहिली नाही.

काही वर्षांपूर्वी, जानेवारीत, माझी मैत्रीण जनेल माझ्याकडे आली ती जर्दाळू भरलेल्या गोड पावांचा डबा आणि एक काळी पिशवी घेऊन. पिशवीत तिच्या थोरल्या मुलाचे, ट्रेंटचे, टी-शर्ट होते. आमच्या नेब्रास्कात मला या कामाची कधी ददात नसते. मूल शाळा संपवून कॉलेजला निघालं की आई त्याचे सगळे टी-शर्ट माझ्यापुढे आणून ओतते, फुटबॉलचे, जत्रेचे, चर्चच्या शिबिराचे, आणि मी त्यांची गोधडी करून देते. गेलेल्या माणसांचेही येतात. त्यावरून माझा नवरा मर्ल मला छळतो. "लव्हॉन, यातला एखादा आपला शर्ट परत मागायला आला, तर मला हाक मारू नकोस हं," असं तो त्या दिवशीही म्हणणार होता, पण जनेलचा चेहरा बघून गप्प बसला.

ट्रेंट आदल्या शरद ऋतूत गेला होता. पत्र्याच्या उंच गोल कोठीत मका ओला राहिला की वर कडक थर धरतो. वरून जमीन वाटते, पण खालून मका काढलेला असला की आत पोकळी असते. धाकटा ब्रॉडी तो थर फोडायला आत उतरला आणि थरासकट खाली जायला लागला. ट्रेंटने मागचापुढचा विचार न करता उडी टाकली, भावाला शिडीपर्यंत ढकललं आणि स्वतः मक्याखाली गेला. पाणी निदान माणसाला परत वर तरी आणतं. मका ठेवून घेतो. अग्निशमनवाल्यांना कोठीचा पत्रा कापावा लागला.

"ब्रॉडी घरात झोपत नाही गं," जनेल म्हणाली. "ट्रॅक्टरच्या शेडमध्ये पडलेला असतो, या थंडीत. जेवायला बोलावलं तर म्हणतो, त्याची खुर्ची रिकामी असताना मी कसा बसू? नवरा गेला, ट्रेंट गेला... आता हाही मला जातानाच दिसतोय. ही गोधडी मला त्याच्या अंगावर घालायचीय, लव्हॉन. लवकर कर."

"करते. आधी कॉफी घे, हात बघ किती गार पडलेत," मी म्हणाले. दुसरं काय बोलणार?

टी-शर्ट मी आधी धुते, मग कापते. धुताना सगळा वास जातो. ट्रेंटच्या कपड्यांचा गेला नाही. दोनदा धुतले तरी सुक्या मक्याचा धुरळट वास तसाच, आणि मशीनच्या तळाशी मक्याचे दाणे. खिशात राहिले असतील, असं मी स्वतःला सांगितलं. टी-शर्टला खिसे नसतात हे मला ठाऊक होतं, पण भित्र्या बायकांत माझी गणना कधीच झालेली नाही.

पुढचे भाग चौकोनी कापले, ताणले जाऊ नयेत म्हणून मागे इस्त्रीनं बकरमचं कडक अस्तर चिकटवलं. सगळे मुकाट्यानं बसले, एक हिरवा सोडून. जिल्ह्याच्या जत्रेचा शर्ट होता तो, त्यावर वासराचं चित्र. इस्त्री उचलली की बकरम सुटून यायचं. शिवायला घेतला तर दोरा तुटायचा. दोरा बदलला, सुई बदलली, मशीनला तेल दिलं, देवाचं नाव सोडून बाकी सगळं तोंडातून काढलं. तरी तुटायचाच. आता हट्टीपणात मी कुणाला हार जात नाही. जाड दोरा घेतला आणि तो चौकोन हातानं टाके घालून बरोबर मधोमध बसवला.

मग गोधडीचा वरचा पदर मोठ्या मशीनच्या चौकटीत, दोन रुळांमध्ये ताणून लावला. दुपार होती, पण बाहेर बर्फाचा वारा सुटला होता आणि खिडक्या राखाडी झाल्या होत्या. मर्ल स्वयंपाकघरात रेडिओ ऐकत होता. मी बॉबिन भरत होते आणि मला तो आवाज आला.

सर्र... सर्र...

आधी वाटलं, बर्फ काचेवर घासतंय. पण आवाज खोलीच्या आत होता, खालून येत होता, सावकाश आणि न थांबता. मक्याच्या गावात जन्म काढलेल्या माणसाला तो आवाज सांगावा लागत नाही. दाणे सरकत होते. वास इतका दाटला की घशाला धूळ लागली. मी वळून पाहिलं, तर ताणलेल्या गोधडीच्या मधोमध खळगा पडत होता. हिरवा चौकोन खाली ओढला जात होता. वर काही नव्हतं, खाली काही नव्हतं, आणि रूळ करकरत होते.

"मर्ल..." मी हाक मारली. रेडिओच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही.

आणि त्या भीतीतच माझ्या डोक्यात आलं, सगळ्यांत हा एकच शर्ट का बसत नव्हता? मी चिंध्यांची टोपली जमिनीवर पालथी केली आणि मानेमागचे कापून टाकलेले भाग धुंडाळले. हिरव्याचं लेबल सापडलं. त्यावर शाईचे दोन ठिपके होते.

आमच्याकडे आया असंच करतात, मीही केलंय. थोरल्याच्या कपड्याच्या लेबलावर एक ठिपका. तोच कपडा धाकट्याला गेला की शेजारी दुसरा, त्याच्याही मागच्याला गेला की तिसरा. मग ढीगभर धुण्यातून कुणाचं काय ते कळतं. जनेलला तो शर्ट जत्रेत वासरू धरून उभ्या राहिलेल्या ट्रेंटच्या अंगावर आठवत होता, म्हणून तिनं पिशवीत टाकला. पुढे तो ब्रॉडीचा झाला, हे ती विसरली. जिवंत मुलाचा शर्ट मी मेलेल्याच्या कपड्यांत शिवून टाकला होता.

फोन लावला. "जनेल, ब्रॉडी कुठाय?"

"कोठीवर गेलाय. मका काढायचाय ना... मी म्हटलं थांब, कुणाला तरी बोलावते, तर ऐकलंच नाही. का गं?"

"धाव. काही विचारू नकोस, धाव!"

रिसीव्हर लोंबकळत सोडला आणि टाके उसवायला बसले. माझेच टाके, जाड दोऱ्याचे, हट्टानं घातलेले! एक बाजू सुटली. दुसरी सुटली. चौकोन हातातून खाली ओढ घेत होता, दुसऱ्या टोकाला कुणीतरी लटकावं तसा. "दे त्याला," मी म्हणत होते, "ट्रेंट, बाळा, सोड त्याला..." आणि मग लक्षात आलं की मी चुकतेय. दोरा कोण तोडत होतं इतका वेळ? नको नको म्हणून कोण सांगत होतं? मी रडतच म्हणाले, "कळलं रे मला. थांब, काढते."

शेवटचा टाका सुटला आणि आवाज थांबला. मर्ल दारात उभा होता. त्यानं लोंबकळणारा रिसीव्हर उचलून जागेवर ठेवला.

काही दिवसांनी ब्रॉडी गोधडी न्यायला स्वतः आला. बूट दाराशी काढले, टेबलापाशी बसला, आणि मर्लने पुढे केलेले गोड पाव एकामागून एक खात सुटला. मग खाली बघत बोलायला लागला.

"छातीपर्यंत गेलो होतो. श्वास आत घेता येत नव्हता. खरं सांगू? मी कमरेला दोर बांधलाच नव्हता. मुद्दाम." तो थांबला. "मग खालून कुणीतरी माझी पावलं धरली. वाटलं, चला, आला न्यायला. पण त्यानं वर ढकललं, लव्हॉन. मक्यातून असं कुणी वर येत नाही. शिडी हाताला लागली तेव्हा आई दारातून ओरडत होती."

मी त्याला हिरवा चौकोन दिला. तो त्यानं शर्टाच्या आत घातला. गोधडीत त्या जागी मी साधं पांढरं कापड लावलं होतं. त्या रात्रीपासून तो घरात झोपायला लागला. लेबल माझ्याकडे राहिलं, ते मी या डबीत टाकलं.

यातलं बरंच तुम्हाला मर्लनंही सांगितलं असतं. पुढचं त्याला माहीत नाही.

गेल्या आठवड्यात ब्रॉडी आला होता. आता त्याचं लग्न झालंय, कोठीत दोर बांधल्याशिवाय उतरत नाही. कोटाचं बटण तुटलं होतं. मी डबी उघडली, तेव्हा कानाशी वाकून म्हणाला, "अजून आईलाही सांगितलं नाहीये हं. आम्हाला बाळ होणारंय."

मी आनंदानं त्याचा कान ओढला, बटण शोधायला डबीत बोटं घातली, आणि लेबल वर आलं. हे बघा, दिव्याजवळ धरा.

तीन ठिपके आहेत.

ब्रॉडीनं ते कडेनं धरून दिव्याजवळ नेलं. मग अगदी हळू म्हणाला, "हे... चांगलंच आहे ना, लव्हॉन?"

"चांगलंच आहे," मी म्हणाले.

सांभाळून धरा. तिसऱ्याला बोट लावू नका. त्याची शाई अजून वाळलेली नाही.