लाल झाडांमधले पूल

“सारखी मान चोळतो गं तुझा मास्तर. दाखवून घ्यायला सांग त्याला,” तो घरी येऊन गेल्यावर आई म्हणाली होती. “अगं, तो होणाऱ्या डॉक्टरांना शरीर शिकवतो!” म्हणत लेकीने ते हसण्यावारी नेलं होतं.

मास्तर भेटला तोही चुकूनच. पाठ्यपुस्तकासाठी चित्रं काढायला आलेली ती भलतंच दार उघडून आत शिरली, तर खिडकीपाशी एक तरुण तळहातावर लालचुटुक जाळी तोलत उभा!

“अय्या, पोवळं?”

“मेंदू,” तो हसला. “धमन्यांत राळ भरली, मेंदू विरघळवला. उरलं ते हे... रक्ताच्या वाटांचं झाड.”

ती जवळ जाऊन वाकली. वर पसरलेल्या फांद्या, आणि त्यांतून सरळ आत बुडी मारणारे केसाएवढे तंतू... मेंदूच्या विचार करणाऱ्या पातळ सालीला पोसणारे!

खपून खपून तिने चित्र काढलं. बघताच त्याने कपाळावर हात मारला. “पेन्सिलबाई, पूल कुठे गेले?”

“कसले पूल?”

“पुढच्या नि मधल्या धमनीची टोकं जोडणारे हे दोरे.”

“ते? मला वाटलं राळेचे ओघळ... मी गाळले.”

“शेजारधर्मच गाळलात! एकीची वाट तुंबली, तर दुसरी इथूनच रक्त धाडते.” मग मान चोळत, नजर चुकवत, “तुमच्या शेजारी... म्हणजे, मला विचारायचं होतं—”

पुढचे शब्द बोबडे झाले. ओठाची उजवी कड ओघळली, हातातला चष्मा निसटला. ती किंचाळतच मदतीला धावली.

इस्पितळात कळलं, त्याच्या मानेतल्या धमनीचं अस्तर फाटलं होतं. तिथली गुठळी मेंदूच्या मधल्या धमनीत जाऊन अडकली होती.

“काढली गुठळी,” डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. “पण तोवर मेंदू तगला तो यांच्यामुळे.”

करड्या चित्रात तेच दोरे. तिने गाळलेले. ती पाहतच राहिली... कुणी न सांगता, एक धमनी शेजारणीची चूल पेटती ठेवत होती!

दुसऱ्या दिवशी तो अडखळत म्हणाला, “पूल... काढ.”

“काढते. आणि ते शेजारचं काय विचारायचं होतं?”

त्याने बराच वेळ शब्द शोधला. “राहशील?”

“हे काय विचारणं झालं? राहणारच!”

तो हसला. ओठांच्या दोन्ही कडा वर गेल्या, आणि मगच तिला रडू फुटलं.

तुमच्याही घरात कुणी मान चोळत बसलं असेल. ही गोष्ट बाजूला ठेवा, जाऊन विचारा... कधीपासून दुखतेय? नि जरा हसायला सांगा. दोन्ही कडा वर जाताहेत ना?