चिकटपट्टीखालचा दिवा

"दोर कोण आणणार?"

"मी!"

"दुर्बीण?"

"तीही मीच! तुम्ही दोघं फक्त खायला या!" चिमणी कंबरेवर हात ठेवून म्हणाली.

सुट्टीला मामाकडे आलेल्या त्या तिघांची रविवारी तळ्यावर जायची जय्यत तयारी चालली होती. बारा वर्षांची चिमणी म्हणजे टोळीची म्होरकी. तिचा मावसभाऊ प्रोफेसर, हाती येईल ती माहितीपुस्तिका वाचून काढणारा, अगदी मिक्सरचीसुद्धा! आणि धाकटा भाऊ भोंगा. त्याला हळू बोलणं ठाऊकच नव्हतं.

तेवढ्यात मामा आला. भरदुपारी, आणि चक्क पायी!

"मामा, गाडी कुठाय?" भोंगा ओरडला.

मामा मटकन खुर्चीत बसला. तो डॉक्टरबाईंची गाडी चालवायचा. "बाईंनी किल्ली काढून घेतली," तो म्हणाला. "दवाखान्यासमोरच्या चढावर गाडी लावली आणि आत औषधांची खोकी ठेवायला गेलो. तेवढ्यात गाडी आपोआप मागे घरंगळली आणि फाटकावर आदळली! बाकावरचे म्हातारबाबा थोडक्यात वाचले. बाई म्हणतात, तुम्ही ब्रेकच लावला नव्हता, उद्यापासून येऊ नका. पण मी ब्रेकचं बटण ओढलं होतं रे! बावीस वर्षं गाडी चालवतोय!"

"गिअरमध्ये ठेवली होतीस?" प्रोफेसरने विचारलं.

मामा ओशाळला. "नाही. बटणाचा ब्रेक आल्यापासून ती सवयच मोडली. तेवढं माझं चुकलंच."

मामाचा उतरलेला चेहरा पाहून चिमणीला भडभडून आलं. आपला मामा आणि खोटं बोलेल? छे! "चला रे!" ती उठलीच. तळं राहिलं बाजूला.

दवाखान्याच्या सपाट अंगणात गाडी उभी होती, चाकांना विटा लावलेल्या. डॉक्टरबाई फाटकाचा वाकलेला गज बघत होत्या.

"बाई, गाडी गिअरमध्ये ठेवली नाही ही मामाची चूकच," चिमणी धापा टाकत म्हणाली. "पण बटण त्याने ओढलं होतं! आम्हाला पाच मिनिटं गाडी बघू द्याल?"

बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मामाची चूक आधी सांगितलीस म्हणून ऐकते. पाचच मिनिटं हं! आणि किल्ली माझ्या हातात."

बाईंनी गाडीत बसून ब्रेकचं बटण ओढलं. सगळे गप्प. भोंगासुद्धा!

"ए, घुर्रर्र कुठे गेलं?" मग तोच ओरडला. "मामा गाडी लावायचा तेव्हा मागच्या चाकांतून घुर्रर्र व्हायचं! मी रोज नक्कल करायचो!"

"अरे हो! त्या मागच्या चाकांतल्या छोट्या मोटारी! त्याच ब्रेक आवळतात," प्रोफेसर म्हणाला. "आणि हे काय? इथे समोरच्या काट्यांपाशी काळी चिकटपट्टी कोणी लावली?"

त्याने नखाने पट्टी सोलली. खाली पिवळा दिवा जिवाच्या आकांताने लुकलुकत होता!

प्रोफेसरने कप्प्यातली पुस्तिका काढली आणि पानं भराभर उलटली. "सापडलं! मागचे ब्रेक पॅड बदलायचे तर आधी गाडी दुरुस्तीच्या स्थितीत टाकायची, म्हणजे मोटारी मागे सरकतात. काम झाल्यावर ती स्थिती बंद करायची. नाही केली, तर बटण कितीही ओढा, ब्रेक लागत नाही! बाई, पॅड कधी बदलले?"

"परवाच. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या उस्तादांनी." बाईंच्या कपाळावर आठी पडली. "पण ते कसले कबूल करतायत!"

"ते माझ्यावर सोडा!" चिमणीने डोळे मिचकावले आणि ती गॅरेजकडे पळाली.

"उस्ताद, पॅड कसे बदलतात ते मला वहीत लिहायचंय. सगळे म्हणतात, तुमच्यासारखा हात कुणाचा नाही!"

उस्ताद हरभऱ्याच्या झाडावर चढले! "अगं, डाव्या हाताचा मळ!" म्हणत ते तपासणीचं यंत्र घेऊन ऐटीत आले. यंत्राची वायर त्यांनी गाडीला जोडली. "आता बघ हं, आधी मी गाडीला दुरुस्तीच्या स्थितीत..."

ते अडखळले. पडद्यावर लिहिलं होतं, 'दुरुस्तीची स्थिती: आधीपासून चालू'.

"तुम्ही तर अजून यंत्राच्या बटणाला बोटही लावलं नाही," बाई मागून म्हणाल्या. "मग चालू केली कुणी?"

उस्तादांचा चेहरा पडला. "बाई, पॅड बसवले आणि तेवढ्यात जेवायला हाक आली. परत आलो तर वाटलं, काम झालंय. दिवा लुकलुकत होता, म्हटलं नवीन गाड्यांची नाटकं. लावली पट्टी! चुकलो."

"दिवा झाकला, पण आजार तसाच ठेवला!" बाई कडाडल्या. "आज एक म्हातारा माणूस जिवानिशी गेला असता!"

उस्तादांनी मुकाट्याने ती स्थिती बंद केली, दोन्ही मागची चाकं तपासली आणि बटण ओढलं. घुर्रर्र!

"आवाज दोन्हीकडून आला!" भोंग्याने अशी आरोळी ठोकली की शेजारच्या खिडकीतून दोघं डोकावले.

"माझे कान जुने झाले, पण या पोराचे भलतेच तिखट!" उस्ताद म्हणाले. "आणि काम करताना पुस्तिका बघण्यात लाज नसते, हे मला आज कळलं. फाटक मी स्वतः सरळ करून देतो, बाई."

संध्याकाळी मामाच्या दारात डॉक्टरबाई स्वतः उभ्या राहिल्या. मामा गडबडून उठला.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "बावीस वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाला मी दोन मिनिटांत खोटं ठरवलं. ही किल्ली घ्या. आणि या तिघांची पाठ थोपटा. माझ्यापेक्षा जास्त डोकं चालवलं त्यांनी! उद्या आठला या."

मामाने किल्ली घेतली. "साडेसातलाच येतो, बाई," तो कसाबसा म्हणाला, "आणि चढावर गिअरमध्येही ठेवीन."

बाई गेल्यावर त्याने तिघांना एकदम कवेत घेतलं. "पोरांनो, नोकरीचं काय, दुसरी मिळाली असती. तुम्ही माझा शब्द खरा केलात!" आणि तो लहान मुलासारखा रडला.