नथ्थूचं चूलबंद आवतन

अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितराला जेवायचं आवतन द्यायचं काम तसं घटकाभराचं. मूठभर तांदूळ घ्यायचे, त्यांना कुंकू लावायचं, मळ्याच्या बांधावर जाऊन मेलेल्याचं नाव घ्यायचं, 'उद्या अखजी आहे, जेवायला ये' एवढं म्हणायचं आणि मागं न बघता घरी यायचं. कारंज्याच्या वेशीबाहेर भाजीपाला पिकवणाऱ्या माळ्यांच्या घरांतून बायका हे काम करतच आलेल्या. जाता-येता पत्रावळीला पळसाची पानं तोडून आणायच्या, वाटेत कुणाशी गप्पा छाटायच्या. भ्यायचं त्यात काय होतं?

पंचफुला सासूच्या मागं चालली होती ती वांग्यांच्या काळजीत. वैशाखाचं ऊन सकाळीच तापलेलं, पाट कोरडा, आणि मोट हाकायला घरात गडीमाणूस नाही. लढाई चालू होती. तिचा नवरा नथ्थू मजूर पलटणीत भरती होऊन ब्रह्मदेशाच्या अंगाला सडक बांधायला गेला, तो गेलाच. होळीच्या सुमाराला शेलूबाजारकडच्या तांड्यावरचा हेमसिंग कुबडी टेकत फाटकाशी आला. तो त्याच पलटणीतला. बसला नाही, पाणी प्याला नाही. "नथ्थू मांगच्या पावसातच गेला, माय," म्हणाला. "हगवण लागली. जंगलात सडकेच्या कडीले ठेवला त्याले. आमाले थांबू देलं नाई." एवढं बोलून तो आल्या पावली परत गेला.

तेव्हापासून त्या घरात सासू-सून दोघीच. पंचफुलाचे आईबाप ती लहान असतानाच तापानं गेलेले, पोटी लेकरू नाही. सासूनं, कस्तुराबाईनं, मात्र तिला कधी पांढऱ्या पायाची म्हटलं नाही; रोज संध्याकाळी तिच्या डोक्याला तेल घालायची म्हातारी. खरं सांगायचं तर जगात पंचफुलाला आपलं म्हणावं असं तेवढं एकच माणूस उरलं होतं.

बांधावर कस्तुराबाई उगवतीकडं तोंड करून उभी राहिली. मग एकदम रडं फुटलं आणि रडता रडताच म्हणाली, "नथ्थू, बापा... उद्या अखजी हाय. तुले चूलबंद आवतन देतो मी. घरच्या समद्याइले घेऊन येजो!"

पंचफुलाच्या हातातली पानं खाली पडली.

चूलबंद म्हणजे, तुमच्या घरी आज चूल पेटवायची नाही, घरातलं झाडून सारं माणूस आमच्या पंगतीला. लग्नाकार्यात सोयऱ्याधायऱ्यांना देतात तसं. मेलेल्याला? छे! मेलेल्याला एकट्याला बोलवायचं, नाव घेऊन. त्याच्या घरात आता कोण कोण आहे, ते आपल्याला काय माहीत?

"आत्याबाई, हे काय केलं वो?" पंचफुला कुजबुजली. "चूलबंद काहून देलं?"

"एकटाच गेला वं माहा नथ्थू, एकटाच मेला," म्हातारी डोळे पुसत म्हणाली. "जेवाले बी एकटाच येईन काय? मह्या तोंडातून निंघून गेलं."

तेवढ्यात कुणीतरी 'हो' म्हणालं.

अगदी हळू. बाईचा आवाज. कस्तुराबाईला वाटलं सून बोलली, पंचफुलाला वाटलं सासू. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं, आणि दोघींचीही तोंडं मिटलेली होती. शेराच्या कुंपणावर एरवी चिमण्यांचा नुसता कालवा असायचा, तिथं एक चिमणी नव्हती. परत येताना पंचफुलानं सासूचा हात सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी पितर म्हणून पुंजाजीला बसवायचं ठरलं होतं. मेलेल्याच्या वयाचा, त्याच्या ओळखीचा माणूस पाटावर बसवून त्याला जेवू घालायचं, म्हणजे पितर जेवला, अशी ती रीत. पुंजाजी शेजारच्याच मळ्यातला, नथ्थूच्या बरोबरीचा. गडी मोठा बोलघेवडा आणि खायला त्याहून मोठा.

"काकू, रस पातय तं केला नाई ना?" आल्या आल्या त्यानं विचारलं. "नाई तं नथ्थ्या मह्या सपनात येऊन शिव्या देईन मले."

रांधणं उरकून, निखारे राखेखाली झाकून रीतीप्रमाणं चूल शांत करून झाली होती. भिंतीशी नव्या घागरीची पूजा मांडलेली. पुरणपोळ्या, रस, कुरड्या, भजी, सगळं पत्रावळीवर वाढून झालं. बाहेर भर दुपार. आता रात्रीच्या अंधाराला तर शेंबडं पोरही भितं. पण आमच्याकडची वैशाखातली दुपार तुम्ही पाहिली नसेल. माणूस नाही, कुत्रं नाही, पान हलत नाही. विहिरीवरच्या चाकाचा आवाजसुद्धा बंद. आपल्याच कानात काहीतरी वाजत राहतं.

पुंजाजी हसत हसत पहिला घास घेऊन थांबला.

आणि त्या कोरड्या ठणठणीत घरात पावसाचा वास आला. पहिल्या सरीचा गोड वास नव्हे; दिवसच्या दिवस कोसळून कुजलेल्या पाल्याचा, बुरशीचा, ओल्या घोंगडीचा. पंचफुलाचा हात नाकाशी गेला.

पुंजाजी जेवायला लागला. पण काय ते जेवण! पोळी उचलायचा, तोंडाशी न्यायचा, आणि मग डावीकडं वळून हात पुढं करायचा. कुणाला तरी भरवल्यासारखा. हात परत यायचा तो रिकामा. खाली एक कण पडत नव्हता. पंचफुला वाढत गेली आणि पोळ्यांची चळत उतरत गेली.

"माय..." पुंजाजी म्हणाला.

पुंजाजी कस्तुराबाईला काकू म्हणायचा. आणि हा आवाज पुंजाजीचा नव्हता.

"पान एकच काहून मांडलं, माय? चूलबंद देलं ना तू... आमी समदेच आलो ना."

कस्तुराबाई पाटासमोर येऊन बसली. "नथ्थू... बापा... कोन कोन आलं रे?"

"हे बुढेबाबा. तिकडच्याच डोंगरातले. त्याइचे पोरं त्याइले सोडून पयाले. आन हे..." त्यानं डावीकडं पाहिलं, आणि त्या पाहण्यात जी माया होती ती पंचफुलानं ओळखली. लग्नानंतर पहिल्या वर्षी तिनं ती पाहिली होती. "हे मही घरवाली. लढाईतून पयून येत व्हती, मह्याच बाजूले पडून मेली. तिची बोली मले समजे ना, मही तिले समजे ना. पन मेल्यावर लय अंधार असते, माय. एकटं माणूस वाट चुकते... मंग आमी हात धरले."

"आन लेकरू?" म्हातारीनं विचारलं. लेकराचं कुणी नावही काढलं नव्हतं. पण ते रडत होतं. अगदी तान्हं, दमून गेलेलं रडं. आता पंचफुलालाही ऐकू आलं.

"कोनाचं हाय मालूम नाई. सडकेवर भेटलं. आता आमचंच हाय."

पंचफुलाला भीती होतीच, पण खोटं कशाला सांगू, भीतीहून वाईट काहीतरी झालं. ती इथं कुंकू पुसून बसली, आणि त्यानं तिकडं संसार मांडला! मेल्यावर! तिला ओरडावंसं वाटलं, त्या पाटावरच्या माणसाला गदागदा हलवावंसं वाटलं.

"फुला," तो म्हणाला. "राग नोको धरू. हे तुही वाट पाहून राह्यली. तिले बहीण नाई म्हनते."

पंचफुला भिंतीला चिकटली.

मग पुंजाजीनं, म्हणजे जो कोणी होता त्यानं, घागरीपुढचे कुंकवाचे तांदूळ मुठीत घेतले. "जेवलो माय, पोट भरलं. आता तुमी आमच्याकडं या. तुले बी चूलबंद आवतन हाय."

चूलबंद जेवला की त्यानं उलटून चूलबंद द्यायचं. समोरच्यानं ओंजळ पसरून तांदूळ घेतले की आवतन पक्कं. आणि ते एका माणसाचं नसतं, घराचं असतं. एकानं घेतलं की सगळ्यांनी जायचं. पंचफुलाला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आणि कस्तुराबाईनं ओंजळ पुढं केली होती. तिचे डोळे त्या पाटाच्या डावीकडं, जमिनीपासून वीतभर वर, जिथं मांडीवरचं लेकरू असावं तिथं खिळले होते. म्हातारी हसत होती.

"आत्याबाई, नोको!"

म्हातारीला ऐकूच गेलं नाही. मूठ उघडायला लागली.

आवतन नाकारायची एकच वाट असते. बोलवायला आलेल्याला पेटलेली चूल दाखवायची, की बाबा, आमच्याकडं रांधायला घातलं, आम्हाला यायला जमत नाही. पंचफुला चुलीवर पडली म्हणा ना. राखेत हात घातला, बोटं भाजली, एक निखारा सापडला. काटक्या कोंबल्या, पदराचा काठ फाडून घातला, फुंकर मारली, पुन्हा मारली. मागून ओला वास जवळ येत होता. मानेवर कुणाचा तरी गार श्वास लागला.

जाळ धरला.

"आमची चूल पेटली हाय!" ती किंचाळली. "आमी येत नाई! कोनीच येत नाई!"

लेकराचं रडंही थांबलं.

"बरं," तो आवाज म्हणाला. रागावून नव्हे, अगदी समजुतीनं. उघडत आलेली मूठ तांदळासकट पुन्हा मिटली.

पुंजाजीनं रिकाम्या हातांनी डोळे चोळले. समोरची चाटून पुसून रिकामी पत्रावळ पाहिली, टोपल्यातली संपलेली चळत पाहिली, आणि कसानुसा हसला. "काकू, वाढा ना. कव्हाचा बसलो मी. पोटात कावळे वरडून राह्यले." चार माणसांचं जेवण गेलं होतं, आणि त्याच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. पंचफुलानं त्याला हात धरून बाहेर काढलं.

त्या दिवसापासून पंचफुलानं चूल विझू दिली नाही. गोवऱ्या रचून रचून विस्तव राखला. बाजारात गेली तरी जीव चुलीत. झोपेतसुद्धा उठून राख चाळायची. तिला वाटायचं, कस्तुराबाई एक दिवस तांब्याभर पाणी ओतेल आणि 'चाल' म्हणेल. पण म्हातारीनं तसं काही केलं नाही. उलट ती सुधारली. खायला लागली, गुणगुणायला लागली. पंचफुलाला आधी बरं वाटलं.

मग पाऊस सुरू झाला, आणि ती एकदा भाजी विकून दुपारची लवकर घरी आली. चुलीवर मोठं भगुणं चढवलेलं. कस्तुराबाई भाकरी थापत होती, आणि शेजारी थापलेल्या भाकरींची चांगली उंच चळत झाली होती.

"एवढ्या भाकरी कोनाले, आत्याबाई?"

"घरच्याइले," म्हातारी सहज म्हणाली.

"थे गेले ना... मी चूल दाखवली ना..."

लहान पोरीच्या खुळेपणाचं नवल वाटावं तशा नजरेनं कस्तुराबाईनं तिच्याकडं पाहिलं. "जातीन कसे वं? चूलबंद आवतन हाय. इथली चूल पेटेल हाय तवर पंगत चालूच. तूच तं इझू देत नाई, पोरी. मी म्हनलं, मही सून गुनाची हाय."

पंचफुला दारातच उभी राहिली. चूल पेटती ठेवावी तर ते इथं. विझू द्यावी, तर ते तांदूळ म्हातारीच्या ओंजळीत पडणार, आणि दोघींना जावं लागणार. पळून जावं म्हटलं, तर जायचं कुठं आणि कुणाकडं? आणि म्हातारीला यांच्यात टाकून?

"बस," कस्तुराबाई म्हणाली. "भिजून आली. जरा लेकराले घे. ते बिचारी दमली आता."

पंचफुलानं नाही म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात मांडीवर काहीतरी टेकलं. वजन नव्हतं म्हणण्याइतकं हलकं, आणि गार. तिनं डोळे गच्च मिटले, हात अंगाशी घट्ट धरले. काही झालं तरी हात लावायचा नाही, असं तिनं मनाशी घोकलं. चुलीत गोवरी तडतडली. पागोळ्या गळत होत्या. मांडीवरचं ते हळूच वळलं आणि कुठंतरी तोंड शोधत पुटपुटलं.

कधीच लेकुरवाळी न झालेल्या पंचफुलानं डोळे उघडून खाली पाहिलं. तिची चोळी पुढून ओली झाली होती, दोन्ही बाजूंनी, आणि ते पावसाचं पाणी नव्हतं. ते कोमट होतं.