बशीतलं पाऊल

१९५९ साली अकोल्यात बुरशीच्या जखमा बऱ्या करणारा डॉक्टर म्हटलं की माझंच नाव निघे, आणि मला ते आवडत असे. दवाखान्याच्या मागच्या खोलीत माझ्या काचेच्या बशा होत्या. चायना ग्रासच्या थिजलेल्या रसावर जखमेतला पू टेकवायचा आणि काय उगवतं ते पाहायचं. उगवलेलं कधी खोटं बोलत नाही, असं मी सांगत असे.

मार्चमध्ये पातूरकडचे नत्थुजी बायकोच्या खांद्यावर हात ठेवून आले. डावं पाऊल रताळ्यासारखं सुजलेलं, त्याला सहा तोंडं, आणि पुवातून पडणारे पिवळट रवे. आदल्या पेरणीत बाभळीचा काटा रुतला होता. पेरणीच्या शेतात तिकडे कोणी वहाणा घालत नाही. अमरावतीच्या एका सर्जनने पाय गुडघ्याखाली कापायला सांगितलं होतं.

"पाय गेला तं पेरणीची तिफन कोन धरन, डॉक्टरसायेब?" एवढंच त्यांनी विचारलं.

पाय जाणार नाही, असं मी छातीठोक सांगितलं. महारोगावरच्या गोळ्या या रोगालाही लागू पडतात हे मी वाचलं होतं. त्या सुरू केल्या. त्यांची बायको दुर्गाबाई रोज जखम धुवायची.

तिसऱ्या आठवड्यात बशीत बुरशी धरली. टाच, मधली अरुंद कमर, पुढे पाच बोटं.

"सायेब, हे पाऊल हाय," गोवर्धन म्हणाला. तो बारा वर्षं माझी प्रयोगशाळा सांभाळत होता. ढगात हत्तीही दिसतात, म्हणून मी त्याची टर उडवली. तरी तेच रवे आणखी तीन बशांत पेरले. तिन्हींत डावं पाऊल उगवलं.

औषधाला गुण आला. बोटांजवळची तोंडं आधी सुकली, मग टाचेकडची. बशांतली बुरशीही बोटांकडूनच विरत गेली. बशीत मी औषधाचा थेंबही टाकला नव्हता. मी उन्हाळ्याला दोष दिला आणि कामाला लागलो. पाय वाचत होता, मला तेवढं पुरे होतं.

जूनच्या सुरुवातीला नत्थुजी स्वतःच्या पायांनी चालत माझ्यासमोर उभे राहिले. मला इतका आनंद झाला की मी त्यांना चहा पाजला. मग बजावलं, वर्षभर अनवाणी शेतात जायचं नाही. त्यांनी मान खाली घातली. पेरणीत वहाणा घालणं त्यांना जमणार नव्हतं. दुर्गाबाईने तिढा सोडवला.

"मंग या साली तिफन मीच धरतो."

मी तिचं कौतुक केलं.

ते गेल्यावर गोवर्धनने सगळ्या बशा उकळून टाकल्या. तुलनेसाठी ठेवलेली एक कोरी बशी तेवढी उरली. तिच्यात आम्ही काहीच पेरलं नव्हतं. शनिवारी मी ती उजेडात धरली.

आत पाऊल होतं. लहान, उजवं. अंगठ्याशेजारच्या बोटाभोवती बारीक गोल पट्टी मोकळी राहिली होती.

"जोडव्याची जागा हाय ते," गोवर्धन म्हणाला.

टाचेच्या थोडं पुढे एक काळा ठिपका होता.

रविवारी पहिल्याच मोटारीने मी पातूर गाठलं आणि तिथून त्यांच्या गावापर्यंत चालत गेलो. दुर्गाबाई अंगणात बी निवडत होती. मी तिला खाटेवर बसवलं आणि भिंग लावून तळपाय तपासले. ती लाजून हसत होती.

दोन्ही पाय स्वच्छ होते. कुठे ओरखडासुद्धा नव्हता.

मी तिला वहाणा घालायला सांगितलं. मग विनवलं. त्याआधी मी कधी कुठल्या रोग्याला विनवलं नव्हतं.

"मले काय झालं, सायेब?" ती म्हणाली.

मी तिचा उजवा पाय पुन्हा हातात घेतला आणि टाचेच्या थोडं पुढे अंगठा दाबला.

तिने झटकन पाय ओढून घेतला.

"तेथी दुखते," ती म्हणाली.

पेरणी दुसऱ्या दिवशी होती.